खाडीत लागलं? आधी धुवा, मग सांगा, मग पट्टी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत ज्यांना लहानथोर सगळेच ‘दाजी’ म्हणतात, ते एका रविवारी दोन पोरांना घेऊन विटाव्याच्या बाजूला खाडीत चिंबोऱ्या धरायला गेले. ओहोटी होती. चिखलात पाय रुतला आणि दगडाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपीनं घोट्याखाली दोन बोटं लांब कापलं. दाजींनी तिथंच खाडीच्या पाण्यात पाय खळबळून धुतला, रुमाल बांधला आणि चिंबोऱ्या घेऊन घरी आले.

घरी म्हातारी म्हणाली, “खारं पाणी लागलंय, आता पिकायचं नाही.” जखमेत हळद आणि चुना भरला. सोमवारी पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दाजी गोदामात हमालीला गेले. पगारी रजा कुठली? त्यांना शुगर आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण शुगरचा आणि पायाच्या कापण्याचा संबंध कोणाच्या डोक्यात आला नाही.

मंगळवारी रात्री पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कशानं लागलं?” दाजी म्हणाले, “पत्रा लागला.” खाडीत गेलो म्हटलं तर बोलणी खावी लागतील, ही भीती. शेवटी वहिनींनीच सांगितलं, “साहेब, खाडीत लागलंय, कालवानं.” ते ऐकताच डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलली, जखमेतला पू तपासायला पाठवला आणि सकाळी मेलेली कातडी कापून काढली. पाय वाचला. पण सात आठवडे काम बंद, घरात कमाई नाही, आणि पोरीच्या क्लासची फी थकली ती वेगळीच.

ही गोष्ट दाजींच्या परवानगीनं लिहिते आहे. आपल्या कळवा, विटावा, खारेगाव, मुंब्रा या पट्ट्यातली किती तरी माणसं खाडीच्या पाण्याशी रोज संबंध ठेवून आहेत. कोणी मासे-चिंबोऱ्या धरतं, कोणी नाल्यात उतरून गाळ काढतं, कोणी पुलाच्या नाहीतर बंदराच्या कामावर आहे, कोणी बाजारात बसून कोळंबी सोलतं. भरतीला जोराचा पाऊस आला की ज्या वस्त्यांत पाणी शिरतं, तिथं तर घरात बसलेल्या माणसाचाही पाय त्या पाण्यात असतो. म्हणून आजचा विषय: खाऱ्या पाण्यात झालेली जखम आणि तिच्यावरची पट्टी.

खारं पाणी म्हणजे सलाईन नव्हे

“दवाखान्यातही मिठाच्याच पाण्यानं जखम धुतात ना?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. दवाखान्यातल्या सलाईनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. आपल्या रक्ताच्या खारटपणाशी ते जुळतं आणि ते पूर्ण निर्जंतुक केलेलं असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ चौपट. असं पाणी उघड्या जखमेत बराच वेळ राहिलं तर ते तिथल्या जिवंत पेशींतलं पाणी ओढून घेतं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तसंच. मग त्या पेशी दुबळ्या होतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

मिठापेक्षा मोठी भीती जंतूंची. ठाण्याची खाडी ही निव्वळ समुद्र नाही. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, पावसात डोंगराचं आणि नाल्यांचं पाणी तिच्यात मिसळतं, आणि आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणीही तिथंच जातं. खाडीचा चिखल जिवंत असतो. म्हणून तर तिथं फ्लेमिंगो खायला येतात आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण त्याच चिखलात आणि पाण्यात माणसाच्या जखमेला घातक असे जंतूही राहतात.

त्यातला एक म्हणजे व्हिब्रिओ. कॉलरा ज्या घराण्यातल्या जंतूमुळे होतो, त्याच घराण्यातले हे भाऊबंद. त्यातल्या व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जातीला कोमट आणि मध्यम खारट पाणी आवडतं. पावसाळ्यातल्या आपल्या खाडीचं पाणी नेमकं तसं असतं. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा त्याच्यापासून काही होत नाही. पण ज्याला मधुमेह आहे, दारूमुळे किंवा काविळीमुळे ज्याचं लिव्हर खराब झालं आहे, ज्याला किडनीचा आजार आहे किंवा ज्याचं कॅन्सरचं औषध चालू आहे, त्याच्या जखमेत हा जंतू शिरला तर तासातासाला आजार वाढतो. कातडी आणि तिच्याखालचं मांस कुजायला लागतं. एरोमोनास नावाचा दुसरा जंतू गोड्या आणि मचूळ पाण्यात असतो. तोही असाच झपाट्यानं पसरू शकतो.

तिसऱ्याची चाल एकदम उलटी. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा नातेवाईक. मासे साफ करताना काटा टोचतो, जखम बुजते, आपण विसरून जातो. काही आठवड्यांनी बोटावर एक गाठ येते. ती फारशी दुखत नाही आणि बरीही होत नाही. कोळंबी-मासळीचं काम करणाऱ्या ताईंनी अशी गाठ अंगावर काढू नये. तिचा उपचार काही महिने चालतो, पण ती बरी होते. फक्त डॉक्टरांना मासळीच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्यांचं लक्ष तिकडे जाणार नाही.

पहिल्या तासात काय करायचं

जखमेचं पुढं काय होणार, ते बरंचसं पहिल्या तासात ठरतं.

पहिलं, पाण्यातून बाहेर या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधेच उचलून बघू नका. उचललं की धरत आलेली गुठळी सुटते.

दुसरं, नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम पाच ते दहा मिनिटं धुवा. भोवतालची कातडी साबणानं धुवा. चिखल, वाळू, शिंपीचा चुरा पाण्याच्या धारेनं निघू द्या. महागडं औषध लागत नाही. पिण्यायोग्य नळाच्या पाण्यानं धुतलेल्या जखमा सलाईननं धुतलेल्यांपेक्षा जास्त पिकतात, असं अभ्यासात दिसलेलं नाही. नळाला पाणी नसेल तर उकळून गार केलेलं पाणी वापरा. पिंपात दोन दिवस साठवलेलं पाणी तसंच जखमेवर ओतू नका.

तिसरं, खोल रुतलेला काटा, पत्रा किंवा काच घरी उपसू नका. आहे तशी ठेवून दवाखान्यात जा.

चौथं, स्वच्छ गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधा. गॉज नसेल तर धुऊन इस्त्री केलेलं सुती कापड चालेल. खरचटलेलं असेल तर साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा, म्हणजे गॉज चिकटणार नाही. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू आत अडकतात.

पाचवं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. चिखलाची जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील, किंवा कधी घेतलं तेच आठवत नसेल, तर ते घ्यावं लागतं.

आणि काय लावायचं नाही? चुना, तंबाखू, राख, शेण, टूथपेस्ट, कॉफीची भुकटी, डब्यातली हळद. हळदीत गुण असतील, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि जखमेत तिचा लगदा होऊन बसतो. चुना तर कातडी भाजतो. जंतुनाशक द्रव बाटलीतून तसाच ओतला तर जंतूंबरोबर नवी पेशीही मरते. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी हे उपाय मायेनं केले, कारण त्यांच्या काळी दवाखाना लांब होता आणि दवाखान्यातली वागणूकही. आज त्यांना नावं ठेवण्यापेक्षा त्यांच्या हातात साबण आणि गॉज देऊ.

जखम उघडी ठेवायची की झाकायची?

“हवा लागू दे, खपली धरू दे,” हे आपण लहानपणापासून ऐकतो. जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ साली डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याखाली ओलसर राहिलेली जखम, उघडी ठेवून वाळवलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं नव्या कातडीनं झाकली जाते. कारण सोपं आहे. नवी पेशी कडेवरून आत सरकत येते. जमीन ओली असेल तर ती पटकन सरकते. वर कडक खपली असेल तर तिला खपलीच्या खालून वाट काढत यावं लागतं.

ओलसर म्हणजे चिंब नव्हे, आणि ओलसर म्हणजे घाणेरडी तर नव्हेच. आजच्या सगळ्या चांगल्या पट्ट्या याच तत्त्वावर उभ्या आहेत: जखम ओलसर ठेवायची, जास्तीचा स्राव शोषून घ्यायचा, बाहेरचे जंतू आत येऊ द्यायचे नाहीत आणि काढताना नवी कातडी ओढून निघू द्यायची नाही.

हे काम स्वस्तात कसं करायचं, याचे दोन नामी प्रयोग आपल्या मुंबईत झाले आहेत. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली. १९८५ साली त्यावरचा लेख भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरून पाहिलं. पान गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही, ओल धरून ठेवतं आणि काढताना दुखत नाही. बटाट्याच्या सालीपेक्षा ते कितीतरी पटींनी स्वस्त पडलं आणि जखमा तितक्याच चांगल्या भरल्या. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महापालिकेच्या दवाखान्यात, गरीब रुग्णांच्या अंगावरून परदेशी महाग पट्टीचा भार उतरावा म्हणून केलेलं हे संशोधन आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. ती पानं आणि साली यंत्रात वाफेनं निर्जंतुक केलेल्या होत्या आणि त्या वापरणारे डॉक्टर जखमेवर रोज लक्ष ठेवून होते. बाजारातून पान आणून घरी जखमेवर बांधायचं, असा त्याचा अर्थ नाही.

कोळंबीचं टरफल, समुद्राचं शेवाळ, माशाची कातडी

सजीवांपासून मिळवलेल्या पदार्थांच्या पट्टीला डॉक्टर जैविक ड्रेसिंग म्हणतात. गंमत अशी की यातल्या बऱ्याच पट्ट्यांचा कच्चा माल समुद्रातलाच आहे.

कोळंबी सोलून आपण जे टरफल फेकतो, त्यात कायटिन नावाचा पदार्थ असतो. आम्लानं त्यातला चुना काढतात, अल्कलीनं प्रथिनं काढतात आणि पुढच्या प्रक्रियेत त्याचं कायटोसान बनवतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या देशात हे तंत्र विकसित केलं. कायटोसानवर धन विद्युतभार असतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऋण. म्हणून पेशी त्याला चिकटतात आणि रक्त लवकर थांबतं. याच गुणामुळे युद्धातल्या जखमींसाठी कायटोसानचे पॅड वापरले गेले. आता ते भारतातही बनतात आणि रुग्णवाहिकांत, शस्त्रक्रियागृहांत वापरले जातात. काही जंतूंची वाढही ते रोखतं. ज्यांना कोळंबी-चिंबोरीची ॲलर्जी आहे, त्यांनी ही पट्टी लावण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं.

तपकिरी समुद्री शेवाळापासून अल्जिनेट मिळतं. त्याची पट्टी पिंजलेल्या कापसासारखी दिसते. तिच्यात कॅल्शियम असतं आणि जखमेच्या स्रावात सोडियम. दोघांची अदलाबदल झाली की पट्टीची मऊ जेली होते. ती खूप स्राव शोषते आणि पाण्यानं धुतली की न दुखता निघते. ती स्राव वाहणाऱ्या जखमेसाठी आहे. कोरड्या जखमेवर लावली तर ती चिकटून बसते.

तिसरी कोलॅजेनची. कोलॅजेन म्हणजे कातडी आणि हाडं एकत्र बांधून ठेवणारं प्रथिन. ते गुरांपासून किंवा माशांपासून मिळवतात. त्याचा पातळ पापुद्रा स्वच्छ जखमेवर चिकटवतात आणि खाली कातडी आली की तो आपोआप सुटतो. ब्राझीलमध्ये डॉक्टरांनी तिलापिया माशाची कातडी भाजलेल्या रुग्णांवर वापरली. आपल्याकडे बाजारात ‘चिलापी’ म्हणून मिळतो तोच मासा. पण ती कातडीही आधी प्रयोगशाळेत साफ आणि निर्जंतुक केलेली असते. बाजारातल्या माशाची कातडी जखमेवर लावणं म्हणजे वर सांगितलेल्या जंतूंना घरी बोलावणं.

मग ही पट्टी बांधून खाडीत जाता येईल?

नाही. हे नीट समजून घेऊ, कारण ‘वॉटरप्रूफ’ शब्द ऐकला की कामावर जायचा मोह होतो.

अल्जिनेटची जेली सोडियममुळेच होते, हे आपण पाहिलं. समुद्राच्या पाण्यात सोडियम भरपूर. म्हणजे खाऱ्या पाण्यात भिजली की ही पट्टी वेळेआधीच मऊ होऊन सुटू लागते. साध्या चिकटपट्टीची कड ओल्या कातडीवर धरत नाही. आणि सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे अर्धवट सुटलेली पट्टी. आत गेलेलं घाण पाणी बाहेर पडत नाही, आणि जंतूंना ऊब, ओल आणि अंधार सगळं एका जागी मिळतं. दाजींच्या पायावरच्या पिशवीनं तेच केलं.

समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या जखमांसाठी खास पट्टी बनवण्याचं काम जगात चालू आहे. चीनमधल्या संशोधकांनी यावर बराच भर दिला आहे, कारण खलाशी, नौसैनिक आणि मासेमारांना अशाच जखमा होतात. लाटा आपटत असताना शिनाणे खडकाला घट्ट चिकटून राहतात. त्यांच्या त्या चिकाचं रसायन कायटोसानसारख्या पदार्थाला जोडायचं, म्हणजे पाण्याखालीही पट्टी धरेल, खारं पाणी आत येणार नाही आणि जंतूही मरतील, अशी कल्पना आहे. यातले बरेचसे प्रयोग अजून उंदीर-सशांवर चालू आहेत. उद्या ती पट्टी आपल्या दवाखान्यात आली, तरी एक नियम बदलणार नाही: घाण आत ठेवून वरून कितीही भारी पट्टी लावली तरी जखम भरत नाही. हवाबंद पट्टी तर पिकलेल्या जखमेवर घातक ठरते.

म्हणून जखम पूर्ण बुजेपर्यंत खाडीत, नाल्यात, तुंबलेल्या पाण्यात उतरू नका. पाणी घरातच शिरलं आणि इलाज नसला, तर चांगल्या वॉटरप्रूफ पट्टीवर गमबूट घाला आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच पट्टी काढून, जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन नवी पट्टी करा. भिजलेली पट्टी अंगावर वाळू देऊ नका.

दवाखान्यात काय सांगायचं, काय विचारायचं

केसपेपर काढल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: “खाडीच्या पाण्यात लागलं आहे.” किंवा “मासळी साफ करताना काटा लागला आहे.” नेहमीच्या जखमेला जी अँटिबायोटिक देतात, ती खाडीतल्या काही जंतूंवर पुरी पडत नाहीत. डॉक्टरांना पाणी कळलं तर औषध बदलतं. दाजींचा पाय त्या एका वाक्यानं वाचला. कोणी रागावलं तर रागावू द्या. तुम्ही गुन्हा केलेला नाही.

त्यासोबत शुगर, लिव्हर, किडनी, चालू गोळ्या, दारूची सवय आणि औषधांची ॲलर्जी, सगळं सांगा. बाई गरोदर असेल तर तेही सांगा.

डॉक्टरांनी लगेच टाके घातले नाहीत तर घाबरू नका आणि भांडू नका. चिखलाची जखम मुद्दाम उघडी ठेवून, दोन-चार दिवस साफ करून मग शिवतात. आत जंतू कोंडू नयेत म्हणून तो निर्णय असतो.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणती पट्टी लावली? किती दिवसांनी बदलायची? घरी बदलायची की इथं? आंघोळ करताना काय करू? कोणती खूण दिसली तर लगेच यायचं? महागडी पट्टी बाहेरून आणायला सांगितली तर विचारा, “याच्याऐवजी साध्या जेलीच्या गॉजनं चालेल का?” लहान, स्वच्छ जखमेला बहुतेक वेळा चालतं. मोठी जखम असेल, शस्त्रक्रिया किंवा त्वचारोपण करायचं असेल, तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे आरोग्यमित्रांकडून तपासून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

धोक्याच्या खुणा

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

जखम दिसते त्यापेक्षा दुखणं फार जास्त आहे. सूज तासातासाला वर चढते आहे. जांभळे किंवा रक्ताचे फोड आले आहेत. ताप, थंडी, उलट्या आहेत. माणूस बरळतो आहे किंवा गळून गेला आहे.

पुस्तकात लिहितात, “लाली पसरते.” आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. ती काळपट, जांभळट दिसते. म्हणून हात लावून बघा: कातडी गरम, ताणलेली, चकचकीत लागते का? सुजेच्या कडेनं पेनानं रेघ ओढा आणि वेळ लिहा. दोन तासांत सूज रेघेपलीकडे गेली तर लगेच निघा. ती रेघ डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोचा संशय घ्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोनं किती घरं बसवली, ते अनेकांना आठवत असेल. पायाला बारीक चीर असली तरी तो जंतू शिरतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारून घ्या, शेजाऱ्यांच्या डब्यातून नको. गरोदर बाया आणि लहान मुलांना त्या सरसकट चालत नाहीत.

कातडीच गेली तर

काही वेळा जंतू इतके पसरतात की मोठा भाग कापून काढावा लागतो आणि तळहाताएवढी, मांडीएवढी जागा उघडी पडते. भाजलेल्या माणसाचंही तेच होतं. अशा वेळी सगळ्यात चांगलं जैविक ड्रेसिंग म्हणजे माणसाचीच त्वचा. मृत्यूनंतर दान केलेली त्वचा जखमेवर बसवतात. ती कायमची राहत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत शरीर ती टाकून देतं. पण तेवढ्या काळात ती दुखणं कमी करते, अंगातलं पाणी वाया जाऊ देत नाही, जंतूंना अडवते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा लावण्याइतकी जमीन तयार करते.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली. आपल्या तर अगदी जवळ, विटावा-दिघा ओलांडलं की ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. तिथं २००९ पासून त्वचापेढी चालते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवलं तर पथक घरी येतं. मांड्या, पाय आणि पाठ इथला अगदी पातळ वरचा थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही, अंत्यविधीला फार उशीर होत नाही. दाता अठरा वर्षांवरचा हवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, त्वचेचा कॅन्सर किंवा अंगभर जंतुसंसर्ग असेल तर त्वचा घेत नाहीत. शुगर आणि बीपी असलेल्यांचंही दान चालतं. ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा थंड ठेवली तर पाच वर्षं टिकते.

आणि रक्तगटही जुळवावा लागत नाही. कोणाचीही त्वचा कोणालाही बसते. कातडीखाली जात नसते, हे आपण सभेत सांगतो. त्वचापेढीत ते रोज दिसतं.

आपल्या वस्तीत काय करता येईल

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात एक प्रथमोपचार पेटी ठेवूया. साबण, सलाईनची बाटली, गॉज, गुंडाळायची पट्टी, कागदी टेप, पेट्रोलियम जेली, हातमोजे आणि कात्री एवढं पुरे. पेटीच्या झाकणावर १०८ आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर मोठ्या अक्षरात लिहूया. नाल्याच्या आणि खाडीच्या कामावर जाणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे देणं ठेकेदाराचं काम आहे. ते एकट्यानं मागायला जड जातं, म्हणून चार जणांनी मिळून मागूया. घरात शुगरचा माणूस असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय कोणीतरी बघायचे. शुगरनं पाय बधिर होतात, लागलेलं कळतच नाही.

दाजी आता पुन्हा कामावर जातात. टाचेच्या वरचा व्रण दाखवून पोरांना सांगतात, “खाडीत जा, पण लागलं तर घरी येऊन लपवायचं नाही.” परवा त्यांच्या धाकट्याला मासे कापताना काटा लागला. तो ओरडत मोरीकडे पळाला आणि त्यानं नळ सोडला. म्हातारीनं हळदीचा डबा काढला नव्हता. ती साबण घेऊन उभी होती.